कंदील विझला नाही

२ सप्टेंबर १९७५, मंगळवार

घ्या! आणखी एक फॉर्म. गोदामात पोती कमी अन् कागदं जास्त झालीत.

साहेब म्हणाले, सिताराम, धुरी तू देतोस, तेव्हा हा तक्ताही तूच भरायचा. चार रकाने – धोका कोणता, परिणाम काय, होण्याची शक्यता किती, उपाय काय. मी म्हणालो, साहेब, गोळ्या विषारी आहेत हे डब्यावर कवटी काढून सांगितलंय, आणखी काय लिहू? तर म्हणाले, "धोका अन् जोखीम एक नाही रे. विंचू बरणीत आहे, हा धोका. झाकण कुणी लावलं, नीट लावलं का, ही जोखीम."

बोलले बरं. पण त्यांच्या तोंडावर कशाला कबूल करा!

दुपारी बसून तेरा ओळी भरल्या. थप्पीवरून पोतं घसरणं. हमालांच्या बिड्या. ताडपत्रीला भोक. अन् मुख्य म्हणजे धुरी – पोत्यांवर ताडपत्री टाकून आत गोळ्या ठेवतो, दमट हवेत त्यांचा वायू होतो, धान्यातले सोंडे किडे मरतात. माणूसही मरेल. गोळ्यांसोबतच्या पुस्तिकेत आहे की वायू लागलेल्या माणसाला आधी बरं वाटतं अन् दोन-तीन दिवसांनी परिणाम दिसतो. तेही लिहिलं. साहेब खूश.

घरी येऊन मनकर्णेला तक्ता दाखवला. बायको आहे, कौतुक करील वाटलं. ती म्हणे, "चुलीचा धूर कुठंय ह्याच्यात? माझे डोळे गेले तर शक्यता किती लिवताव?" चौदावी ओळ लिहिली नाही, पण लिहायला पाहिजे होती.

५ सप्टेंबर, पोळा

सुट्टी. बसल्या बसल्या बाबांचं काम त्या चार रकान्यांत बसवून पाहिलं.

आमचे बाबा – आश्रुबा – गावातल्या सगळ्या पेवांत, म्हणजे ज्वारी साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांत, उतरतात. पेवाचं तोंड माणूस जेमतेम जाईल एवढं, आत दोन पुरुष खोल, पोट रांजणासारखं फुगलेलं. चैत्रात ज्वारी भरायची, वर कडबा, मग दगडाची चीप अन् मातीचा लेप. बंद जागी आतली हवा खराब होते. उघडून कोणी तसाच उतरला तर भोवळ येऊन तिथंच पडतो. बाबा तीस वर्षं उतरायलेत. बदल्यात भिंतीला चिकटलेली बुरसट ज्वारी मिळते.

धोका – खराब हवा. परिणाम – मरण. शक्यता – माहीत नाही. उपाय – एक कंदील!!

बाबांना विचारलं तर म्हणाले, "कंदील जळला की माणूस जगला. इझला की उतरायचं न्हाई. ह्याच्यात लिवायचं काय?"

११ सप्टेंबर

आज मुद्दाम रजा टाकून पाहायला गेलो. व्यंकटरावांचं पेव, गावातलं सगळ्यांत मोठं. अर्धं रिकामं करायचं होतं.

बाबांनी चीप कालच सकाळी सरकवून ठेवली होती. आज आधी पालथे पडून पेवाच्या तोंडात डोकं घातलं अन् वास घेतला. मग कंदील सोडला – निम्म्यावर गेला अन् फक्! विझला. मग तरवडाच्या फांद्यांचा भारा दोराला बांधून वर-खाली, वर-खाली. अर्धा तास. घामाच्या धारा. परत कंदील. परत विझला. परत भारा. व्यंकटराव ओट्यावरून, "आश्रुबा, मुहूर्त बघायलास का रे?" बाबा ऐकूनच घेईनात. तिसऱ्या वेळी कंदील तळाला जाऊन पाच मिनिटं जळला, तेव्हा उतरले. दर थोड्या वेळानं आतून हाक द्यायचे, "हाय!" वरच्यानं म्हणायचं, "हाय!" हाक थांबली की ओढायचं. पण कशाला धरून ओढणार? कमरेला दोरच नाही!

मला वाटलं होतं अडाणी काम आहे. तसं नाही. माझ्या गोदामात एवढी काळजी कोणी घेत नाही, मीसुद्धा.

२१ सप्टेंबर, रविवार

शक्यतेचा रकाना भरायचा तर आकडा पाहिजे. म्हणून दोन आठवडे भेटेल त्याला विचारायलोय – पेवात माणूस मेलेला ठाऊक आहे का? एसटीत मानवतचा एक हमाल भेटला, चारठाण्याकडचे दोन गाडीवान, गोदामातले तोलाईवाले. सगळं ऐकीव. तरी पाच घटना पक्क्या मिळाल्या.

पाच वेळा मिळून माणसं मेली बारा!

परत मोजलं. बाराच. आधी उतरलेले पाच – एका पेवात दोघं बरोबरच उतरले होते. अन् त्यांना काढायला घाईघाईनं उतरलेले सात – भाऊ, बाप, मेहुणा. एका ठिकाणी तर पहिला वाचला अन् काढायला गेलेले दोघं गेले.

जेवताना बाबांना सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला. "सात?" म्हणाले.

२८ सप्टेंबर

भांडण! गोदामातून जाड दोरखंड आणला, कमरेला बांधायची गाठ दाखवली. बाबा उखडले. "बैलावानी बांधायलास का मला?"

मग माझीही जीभ सुटली. म्हणालो, छप्पन साली गावकीची सगळी कामं सोडली ना आपण? मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, सांगावे घेऊन पळायचं सोडलं. मग हेच का धरून ठेवलं? त्यांच्या ज्वारीसाठी तुम्ही मरणाच्या तोंडात का?

"ती कामं लादलेली व्हती," बाबा म्हणाले. "हे मला येतंय. गावात दुसऱ्या कुनाला येतंय का सांग."

मी जास्तच ओरडलो. मनकर्णा म्हणाली, "बाप-लेक दोघंबी एका मापाचे." अन् भाकरी वाढल्या.

६ ऑक्टोबर

बाबांशी बोलणं बंद. म्हणजे तेच बोलत नाहीत. मी दोनदा खोकून पाहिलं.

१४ ऑक्टोबर, अशोक विजयादशमी

विहारात वंदना झाली. पांढरे कपडे, सगळी वस्ती. परतताना बाबा आपणहून म्हणाले, "आजच्या दिवशी माग काय मागायचं ते."

मी म्हणालो, पेव सोडा.

चालत राहिले. वेशीजवळ आल्यावर म्हणाले, "सोडलं. शबुद दिला. पन माझ्या बदली कोन उतरंल ते बी लिव तुझ्या कागदात."

मी हसलो. म्हणालो, ते ज्याचं पेव तो बघेल. किती हलकं वाटायलंय आज! आई असती तर पुरण घातलं असतं.

१७ ऑक्टोबर

लिहू का नको करत होतो. लिहितो. ही वही कोण वाचतंय!

संध्याकाळी बसवरून उतरलो तर व्यंकटरावांनी ओट्यावरून हाक मारली. "सितारामराव!" मी मागे वळून पाहिलं – दुसरं कोणी आहे का म्हणून. आजवर "आश्रुबाचं पोरगं" होतो. "या, वर या, बसा." ओट्यावर! सतरंजीवर! चहा त्यांच्या घरच्या कपात. बाबा जन्मभर त्या ओट्याखाली उभे राहिलेत.

पेवातल्या उरलेल्या ज्वारीला सोंडे लागलेत म्हणाले. "तुमच्या त्या सरकारी गोळ्या मिळतील का? तुम्ही शिकलेले माणूस. तुमच्याशिवाय कुणाला विचारणार?"

गोळ्या गोदामाबाहेर न्यायच्या नाहीत असा नियम आहे. तक्त्यात मीच लिहिलाय. पण उद्याच्या धुरीसाठी काढलेला डबा पिशवीत होता – कपाटाची किल्ली घेऊन सुपरवायझर आधीच निघून गेलेला, म्हणून बरोबर ठेवलेला. त्यातल्या दहा गोळ्या मोजून त्यांच्या डब्यात घातल्या. तीनदा बजावलं – टाकल्या की लगेच चीप अन् माती, आठ दिवस हात लावायचा नाही. मग उघडून दोन दिवस हवा. मग मी येऊन बघीन. तोवर कोणी उतरायचं नाही.

"तुमच्या शब्दाबाहेर नाही, सितारामराव."

घरी काही बोललो नाही. बाबांना तर नाहीच. त्यांचा आता पेवाशी संबंध काय?

१८ ऑक्टोबर

रजिस्टरात दहा गोळ्या "ओलावून खराब" दाखवल्या.

२२ ऑक्टोबर, बुधवार

लिहितो, जसं कळलं तसं.

तालुक्याहून साठा तपासायला माणसं येणार अशी आवई उठली. व्यंकटरावांना ज्वारी हलवायची घाई झाली. पाचवाच दिवस! आज सकाळी पेव उघडलं. बाबांना बोलावणं आलं. बाबा म्हणाले, शबुद दिलाय, उतरणार न्हाई. मग आमच्याच वस्तीतल्या मुंजाजीला गाठलं. सालगडी माणूस, तिशीचा, कधी पेवात उतरलेला नाही. बाबांचं बघून बघून एवढंच ठाऊक – कंदील जळला की उतरायचं.

कंदील जळला. विझला नाही. अर्ध्या रिकाम्या पेवात हवा भरपूर, तो कशाला विझेल? कंदिलाला गोळ्यांचा वायू कळत नाही! हे मला माहीत होतं. गावात फक्त मला.

चार टोपल्या भरल्या अन् आतून म्हणाला, गरगरायलंय. मग हाक नाही.

बाबा ओरडा ऐकून पळत गेले. मुंजाजीचा भाऊ धोतर खोचून उतरायलाच निघाला होता. बाबांनी त्याला ढकललं अन् स्वतः पेवाच्या तोंडावर जाऊन बसले. गच्च! भावानं मारलं त्यांना, दंडावर वळ आहेत. हलले नाहीत. "एक गेलाय, दुसरा जाऊ देनार न्हाई. इहिरीवरचा गळ आना." बादल्या काढायचा गळ दोराला बांधून सोडला. तिसऱ्या खेपेला मुंजाजीच्या बंडीत अडकला. पान खाऊन होईल एवढा वेळ गेला असेल. ओढून काढला तेव्हा श्वास होता.

निरोप मिळताच मी गोदामातून एका हमालाची सायकल हाणत आलो तोवर त्याला गाडीत घालून सेलूच्या दवाखान्यात नेलं होतं. गाडी पाणंदीनं गेल्यामुळं रस्त्यात भेट झाली नाही. डॉक्टरांना सगळ्यांनी एकच सांगितलं – पेवाची हवा लागली.

२३ ऑक्टोबर

सकाळी कामावर जाता जाता दवाखान्यात डोकावलो. मुंजाजी उठून बसलेला! चहा मागायलेला. खूप तहान लागतेय म्हणाला, छातीत जड आहे म्हणाला, पण हसला. डॉक्टर म्हणाले, हवेचा त्रास होता, मोकळ्या हवेत उतरला. दुपारी घरी सोडतो.

डॉक्टर समोर दोन हातांच्या अंतरावर उभे होते. गोळ्यांचं सांगायला तोंड उघडलं अन् विचारलं काय, तर – दूध दिलं तर चालेल का?

बरा झालाय. मग सांगून काय उपयोग? नोकरी जाईल फक्त.

पुस्तिका काढली नाही. काढायची गरजच नाही, पाठ आहे.

२४ ऑक्टोबर

मुंजाजी गेला. सकाळी नऊला, घरी, बायकोच्या मांडीवर.

२६ ऑक्टोबर

गावानं ठरवलं – आश्रुबानं मारला.

"भावाला उतरू दिलं असतं तर लगेच काढला असता. म्हातारा राखणीला बसल्यावानी तोंडावर बसला." पारावर हेच, गिरणीवर हेच. काल राख सावडायला गेलो तर आमच्याजवळ कोणी उभं राहिना. चांगुणाबाई, मुंजाजीची बायको, सरळ बाबांसमोर आली. शिव्या नाही, काही नाही. म्हणाली, "त्यो आत तडफडत व्हता अन् तुमी वर बसलात."

बाबांनी मान खाली घातली. मी शेजारी उभा. मीही काही बोललो नाही.

तो भाऊ आज जिवंत आहे तो बाबांमुळं! उतरला असता तर दोन तिरड्या उठल्या असत्या. हे सिद्ध करायला एकच गोष्ट सांगावी लागते – आत काय होतं ते. अन् ती सांगणारा एकटा मी.

२७ ऑक्टोबर

व्यंकटरावांनी वाटेत गाठलं. ओट्यावर नाही बोलावलं आज. हळूच म्हणाले, "जमादार येऊन गेला. पेवाची हवा, असंच लिहून घेतलंय. तुम्ही गप्प, मी गप्प. तुमची नवी नोकरी हाय, सितारामराव."

राव! थुंकावंसं वाटलं. त्याच्यावर नव्हे, स्वतःवर. एका सतरंजीसाठी माणूस विकला मी.

२८ ऑक्टोबर

मनकर्णेला सगळं सांगितलं. चूल पेटवत होती. फुंकणी खाली ठेवली. रडेल वाटलं, नोकरीचं म्हणेल वाटलं. मग म्हणाली, "मामंजींनी तीन दिवस झाले भाकरी मोडली न्हाई. तुमी दोन वेळा जेवताव. कसं जातंय खाली?"

मी म्हणालो, नोकरी जाईल, कदाचित तुरुंगही.

"मग जाईल. मी काय रोजानं गेले न्हाई का कधी?"

एवढी शहाणी बायको अन् मी तिला तक्ता दाखवून कौतुक मागत होतो.

२९ ऑक्टोबर

दिवसभर कैफियत लिहिली. तीनदा फाडली. चौथी जमली. गोळ्या मी दिल्या, विनापरवानगी, अमुक तारखेला, व्यंकटरावांना. रजिस्टरात खोटं लिहिलं. डॉक्टरांना सांगितलं नाही. आश्रुबानं दुसऱ्या माणसाचा जीव वाचवला. एकही शब्द फिरवला नाही.

दिवे लागायच्या वेळी बाबा अंगणात येऊन बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आपणहून बोलले. "पेवाची हवा म्या तीस वरीस हुंगली. तिला कुजका वास असतो. मुंजाजीच्या अंगाला तसा न्हवता. सडक्या लसनावानी व्हता." मी वर बघेना. मग म्हणाले, "तुमच्या गोळ्याला कसला वास असतो रं?"

"तसाच," मी म्हणालो.

"बरं," म्हणाले. अन् उठून गेले. मागे जाऊन पायाच पडायला पाहिजे होतं. उद्या ठाण्यावरून आलो की मग सगळं त्यांना वाचून दाखवीन.

३० ऑक्टोबर

बाबा सकाळी घरात नव्हते. रानात गेले असतील म्हणून मी दहाच्या बसनं सेलूला ठाण्यावर गेलो. कैफियत टेबलावर ठेवली. जमादारांनी पूर्ण वाचली, कपाळ चोळलं अन् दुसरा कागद माझ्यापुढं सरकवला. आजचीच तारीख, शाई ओली.

"पोराच्या पिशवीतून गोळ्या मी न विचारता काढल्या. माझ्या हातानं पेवात टाकल्या. पोराला यातलं काही ठाऊक नाही." खाली अंगठा. साक्षीदार – व्यंकटराव.

आतल्या बाकावर बाबा बसलेले. मला बघितलं अन् म्हणाले, "तू कशाला आलास रं?"